बाजेतून गेलेली मोहरी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

"समक्ष पाहणी केली असता चाळणखात्यात धूळ आढळून आली नाही. महिला कामगारांना तोंडास बांधण्यासाठी फडके व दररोज गूळ देण्यात येतो. तक्रारीत तथ्य नाही." खाली तुमची सही आणि गोल शिक्का. दोन वर्षं अर्ज करकरून या कागदाची नक्कल मी मिळवली. आता घड्यांवर तो चार ठिकाणी फाटलाय, पण अक्षर वाचता येतं. तुमचं नाव मी इथं घालत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, तेवढं पुरे.

तुम्ही आलात तो शुक्रवार होता. सतरा वर्षं झाली.

आमची गिरणी पिठाची नव्हती. गारमाळच्या डोंगरातली गारगोटी फोडायची, दळायची, चाळायची आणि तिचं पांढरं पीठ पोत्यात भरून पाठवायचं. काचेला लागतं, रंगाला लागतं, भांडी घासायच्या पावडरीत पडतं. एरवी सकाळी सहाला सुरू झालेली यंत्रं दिवस मावळेपर्यंत थांबत नसत. त्या शुक्रवारी मात्र दहालाच यंत्रांचे पट्टे उतरवले. बाबर मुकादमानं जमिनीवर पाणी शिंपडून घेतलं, आम्हा एकेचाळीस बायकांना कोरी फडकी वाटली आणि म्हणाला, "साहेब येतोय. माना खाली घालून काम करायचं. कुणी तोंड उघडायचं न्हाई."

"यंत्र बंद ठिवून कसलं काम?" मी विचारलं.

"द्वारके, तू नुसती चाळणी हालव. हात हालला म्हंजे काम."

मग तुम्ही चाळणखात्याच्या दारात येऊन उभे राहिलात. तुमच्या मागून ऊन येत होतं, म्हणून आम्हाला दिसला तो नुसता एक काळा आकार आणि तोंडाच्या जागी काहीतरी पांढरं. भाकरीचा एक घास चावून होईल एवढा वेळ तुम्ही थांबलात. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीत. जीप गेली, पट्टे पुन्हा चढले आणि पाच मिनिटांत शेजारणीचं तोंड दिसेनासं झालं.

"बघितलंस का?" पारूमावशी मला म्हणाली. पारूबाई अलकुंटे, आमच्यात सगळ्यात जुनी, बावीस वर्षं गिरणीत काढलेली. "साहेबानंबी फडकं बांधलं हुतं. शिकल्याली माणसं ती. उगंच बांधत्यात व्हय?"

सुट्टी व्हायच्या आधी बाबरनं एक कागद वाचून दाखवला. आम्हाला फडकी मिळतात, गूळ मिळतो, आम्हाला धुळीचा काही त्रास नाही. सोमवारी साहेब परत येणार, त्यांच्यासमोर सगळ्यांनी त्यावर अंगठे द्यायचे. "कुणीतरी नाव न घालता कार्ड टाकलंय वरती," बाबर म्हणाला, "तेवढ्यापायी ही उठाठेव. एकदा अंगठं पडलं की फाइल बंद. परत कुणी बघायला याचं न्हाई."

कार्ड मी टाकलं होतं. माझी धाकटी जाऊ शेवंता, तेवीस वर्षांची पोर, विहिरीवरून घरी येईपर्यंत दोनदा खाली बसायला लागली होती म्हणून. तिला टीबी झालाय असं धरून दीड वर्ष गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी तिचं लघवीचं पाणी तांबडं झालं, खोकला होता तिथंच राहिला.

आता माझी चूक सांगते, म्हणजे मी फक्त तुमच्यावर बोट रोखतेय असं व्हायला नको. गिरणीत मी चाळणीवाली होते. पीठ चिमटीत धरून सांगायची, हे शंभरचं, हे दोनशेचं. दोनशेची चाळणी म्हणजे एका इंचात दोनशे तारा. तिच्याखाली पडलं ते सगळ्यात बारीक, त्याहून बारीक जगात काही नाही, असं मी छाती पुढं काढून सांगायची. शेवंता लग्न होऊन आली, गिरणीत लागली, तेव्हा माझ्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं फाडून मीच तिला दिलं आणि चारपदरी बांधायला शिकवलं. संध्याकाळी आम्ही सगळ्या फडकी झटकायचो तेव्हा कुणाचं किती पांढरं झालंय ते एकमेकींना दाखवायचो. जिचं फडकं जास्त पांढरं, तिची छाती जास्त साफ. एवढी धूळ कापडानं धरली, म्हणजे आत गेली नाही. वर गुळाचा खडा खाल्ला की घशातली उरलीसुरली धुऊन जाते. बावीस वर्षं पारूमावशीनं हेच केलं आणि मी तिच्याकडून शिकले.

शनिवारी आमची सुट्टी. शेवंताच्या बेडक्याचा रिपोर्ट आणायला मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथं तपासणीच्या खोलीत बागवानभाई होते. दाढी पिकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दिवसभर बारीक ते मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीला डोळा लावून टीबीचे जंतू शोधायचे.

"ताई, तिसऱ्यांदा बघितलं," ते म्हणाले. "जंतू नाहीत."

"मग गोळ्या कशाच्या देताय?"

"ते डॉक्टरला विचारा. डॉक्टर बदलतात, गोळ्या त्याच. काम कुठं करती ही?"

"गारगोटीच्या गिरणीत."

बागवानभाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "तोंडाला काय बांधता?"

"फडकं. चारपदरी." मी कमरेला खोचलेलं काढून दाखवलं, जरा तोऱ्यातच.

त्यांनी कात्रीनं त्याचा एक कोपरा कापला. माझ्या डोक्यावरून गळून खांद्यावर पडलेला एक केस उचलला. मग माझ्या लुगड्याचा काठ काचेवर हलकाच झटकला. सगळं त्या दुर्बिणीखाली सरकवलं आणि म्हणाले, "लावा डोळा. घाबरू नका."

आधी काळोख दिसला, मग माझीच पापणी. मग एकदम उजेड झाला.

"काय दिसतंय?"

"दोर," मी म्हणाले. "मनगटाएवढं जाड. उभं-आडवं विणल्यालं."

"तुमचं फडकं ते. दोराच्या मधे?"

"भोकं. हात घातला तर हात जाईल एवढी."

"बरं. भोकावर काही आडवं पडलंय?"

"लाटणं पडल्यागत हाय."

"तुमचा केस." बागवानभाई हसले. "आता तुमची ती दोनशेची चाळणी. तिच्या एका भोकातनं हा केस जेमतेम जाईल, एवढंच तिचं भोक. जगातलं बारीक तिथं संपत नाही. तिथनं सुरू होतं."

माझा चेहरा पडला असणार, पण डोळा दुर्बिणीला होता म्हणून त्यांना दिसला नाही.

"आता लाटण्याच्या शेजारी नीट बघा. बारीक दाणे दिसतात का?"

"मोहरी सांडल्यागत."

"ती धूळ. मोठे धोंडे दिसतात ते नाकात, घशात अडकतात, खाकरून बाहेर पडतात. तुमच्या फडक्यावर पांढरं दिसतं ते तेच. मोहरीचं तसं नाही. ती हवेबरोबर खालपर्यंत जाते. खाली श्वासाच्या पिशव्या असतात. ही धूळ मोहरीएवढी धरली तर एक पिशवी डाळिंबाएवढी. तिथं जाऊन बसली की गारगोटी विरघळत नाही, कुजत नाही. शरीर तिच्याभोवती गाठ बांधतं. गाठीवर गाठ बसली की पिशवी निबर होते. मग माणूस श्वास घेतं, पण हवा घ्यायला आत जागाच नसते."

मी डोळा काढला. "आन् गूळ?"

"ताई, गूळ स्वयंपाकघरात जातो. धूळ माजघरात. मधे भिंत आहे."

शेवंताला ते फडकं मी स्वतः बांधून दिलं होतं, मागे गाठ मारून, वर दोन बोटं फिरवून.

"मग ही मोहरी थांबवतं काय?" शेवटी मी विचारलं.

"पहिलं म्हणजे पाणी. दगडावर पाणी सोडून दळलं तर ती उडतच नाही. मग चाळणीवर झाकण आणि धूळ ओढून नेणारा पंखा. आणि तोंडाला बांधायचं तर विणलेलं नाही, रचलेलं पाहिजे. कडब्याच्या गंजीवर मोहरी फेकली तर पलीकडनं निघंल का?"

"कशाची निघतीया."

"तसं असतं ते. वाटीसारखं, नाकावर बसवायचं. माझ्याजवळ नाही, नाही तर दाखवलं असतं."

"हे सगळं कागदावर लिहून द्या की भाई. सोमवारी अंगठं घेणार हायती."

त्यांनी मान हलवली. "माझं काम जंतू शोधायचं. जंतू नाहीत, एवढंच लिहायचा मला हक्क." मग 'नाहीत' या शब्दाखाली पेन्सिलनं तीन रेघा मारल्या आणि रिपोर्ट माझ्या हातात दिला. "बाकीचं तुम्ही दाखवा. तुम्हाला दिसलंय आता."

दाखवा म्हणजे काय दाखवू? दुर्बीण पदरात घालून आणता येत नाही. घरी आले तर शेवंता अंगणात बाजेवर बसून लोणच्याची मोहरी निवडत होती. मला बघून बोलायला गेली आणि खोकल्याची उबळ आली. सूप मांडीवरून कलंडलं. सगळी मोहरी बाजेवर सांडली आणि बघता बघता सुंभाच्या भोकांतून खाली मातीत. बाजेवर चार दाणेसुद्धा राहिले नाहीत.

"आक्का, सगळी गेली गं," शेवंता धापा टाकत म्हणाली. "आता माती चाळावी लागंल."

मी बाजेच्या भोकात चार बोटं घातली. बरोबर बसली. दुर्बिणीत दिसलं होतं तेवढंच भोक.

"राहू दे खाली," मी म्हणाले. "शेवंते, सोमवारी तुला माझ्याबरोबर यायचंय. बाज उचलायला लागंल."

"बाज? गिरणीत झोपायचं हाय का काय?"

रविवारी कामावरून आल्यावर मी आधी तोंडानं सांगून बघितलं. दारोदार फिरले. कुणी ऐकेना. "डोळ्याला दिसत न्हाई आन् मारती म्हणं, धूळ हाय का भूत?" एकीनं तर नजर उतरवून घे म्हणून सांगितलं. पारूमावशीच्या अंगणात गेले तर ती शेळी पिळत होती. दूध प्यायला मिळू नये म्हणून करडाच्या तोंडाला पांढरं मुसकं बांधलेलं, ते माझ्या पायात घोटाळत होतं.

"मावशी, फडकं काय कामाचं न्हाई."

"बावीस वर्सं मी काय गवत खाल्लं?" ती शेळीकडंच बघत म्हणाली. "तुला कुणीतरी भरवलंय द्वारके. काम गेलं तर तुझा तो दुर्बिनवाला जेवाय घालणार हाय का समद्यांना?"

मला राग आला. भांडायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं आणि विचारलं, "मावशी, तुझ्या बाजेत ढेकूण झाल्यात म्हणं?"

"झाल्यात की मेले."

"दे मग. आधणाचं पाणी ओतून आणते."

अशा मी तीन बाजा गोळा केल्या. चौथी आमची.

सोमवारी सकाळी गिरणीच्या फाटकासमोर बाबरनं टेबल मांडलं होतं. त्यावर कागद, शाईचं पॅड आणि तुमच्यासाठी शहाळं. तुम्ही खुर्चीत बसला होता. बायकांची रांग लागली होती. पारूमावशीचं करडू मुसक्यासकट तिच्या मागंमागं आलं होतं आणि तिच्या पायात घोटाळत होतं. बाज उचलून शेवंताला चार पावलं चालवत नव्हतं, म्हणून बाजा डोक्यावरून मी एकटीनं एकेक करून आणल्या आणि तिनं त्या फाटकाच्या भिंतीपासून हात-हात अंतरावर एकामागं एक उभ्या केल्या. सगळ्यांत शेवटी भिंतीवर काळी घोंगडी टांगली.

"आगं, माझी बाज," पारूमावशी रांगेतून ओरडली. "ढेकूण मारायला न्हेलीस ना गं?"

"मारतीया. थांब."

"हे काय चाललंय?" तुम्ही विचारलंत. आठवतं?

"पाहणी, साहेब," मी म्हणाले. "तुमची झाली. आता आमची."

तुम्ही बाबरकडं बघितलंत. बाबरला वाटलं, बाई येडी झालीय, दोन मिनिटं गंमत होऊ द्या. तिथंच तो चुकला.

मी बायकांना सांगितलं, "ही पहिली बाज म्हंजे आपल्या फडक्याचा एक पदर. दुर्बिणीत फडकं असं दिसतं. दोर ह्यापरीस जाड, मनगटाएवढं, पण भोक एवढंच." मी पिशवीतून कांदा काढला आणि बाजेवर मारला. कांदा उडून माघारी आला. "हा धोंडा. हा थांबतो. हाच फडक्यावर पांढरा दिसतो आन् आपण खूश." मग मूठभर मोहरी घेतली आणि फेकली. ती सरळ आरपार गेली.

"एकाच बाजेतनं जाणार की," पारूमावशी म्हणाली. "मी चारपदरी बांधते."

"चार आणल्यात, मावशी. ये, तूच फेक."

ती रांग सोडून आली. फेकायची म्हणून नव्हे, मला खोटं पाडायला आली. पदर खोचला, मोहरीची मूठ भरली आणि जोरात मारली. चार बाजांतून सळसळ आवाज झाला. काही दाणे सुंभाला लागून खाली पडले. बाकीचे घोंगडीवर टपटप वाजले.

"बघ, थोडी थांबली," ती म्हणाली.

"निम्मी थांबली असं धर. निम्मी आत. ही एक मूठ एका श्वासाची. आता दिवसाचं श्वास मोज. तुझी बावीस वर्सं मोज."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "एवढी मोहरी छातीत मावंल तरी का?"

"तेच तर. धूळ मोहरीएवढी धरायची तर आपण केवढ्या धरायच्या? अंगाचा केस लाटण्याएवढा हुतो. त्या मापानं आपण एकेक बाई गारमाळच्या डोंगराएवढी."

बाबर टाळी वाजवून हसला. "मग झालंच की. डोंगराला मोहरीनं काय हुतंय?"

सगळ्या हसल्या. शेवंतासुद्धा हसली आणि तिला खोकला आला. तुम्हीही हसलात साहेब, शहाळ्याची नळी तोंडात धरून. मी अडकले. मापं बरोबर होती, पण उत्तर सुचेना. सगळी गेली हातातून, असं मला त्या घडीला वाटलं. बाबरनं पॅडचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "चला, पहिला अंगठा पारूबाईचा."

पारूमावशी जागची हलली नाही. ती गिरणीच्या मागं बघत होती.

"कुठला डोंगर, बाबर?" ती म्हणाली.

"आँ?"

"मी कामाला लागले तवा दुपारची भाकरी आमी गारमाळच्या सावलीत खायचो. हितंच, ह्या फाटकापाशी सावली यायची. तुझा बा मुकादम हुता तवा. आता सावली कुठाय?"

सगळ्यांनी माना वळवल्या. गारमाळ होता तिथं निम्मं आभाळ होतं. डावीकडचा एक कडा तेवढा शिल्लक, खाल्लेल्या भाकरीच्या काठासारखा.

"कुणी न्हेला?" पारूमावशी म्हणाली. "आमीच न्हेला. द्वारकीच्या चाळणीतनं, मोहरी मोहरी करून. आन् म्हणतोय डोंगराला काय हुतंय."

शाईच्या पॅडवर एक माशी बसली, तिला कुणी हाकललं नाही.

मग रांगेतल्या एकीनं हळूच विचारलं, "मग आता गं द्वारके? थांबवायला कायच न्हाई? मरायचंच का?"

"हाय," मी म्हणाले. "दगडावर पाणी सोडायचं. चाळणीला झाकण आन् धूळ ओढणारा पंखा लावायचा. आन् तोंडाला बांधायला एक असतं, विणल्यालं न्हाई, रचल्यालं. कडब्याच्या गंजीगत. वाटीसारखं दिसतं, नाकावर बसतं."

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा उठून उभे राहिलात. "बाई, ऐका," तुम्ही म्हणालात. "असल्या गोष्टी इथं कुणी वापरत नाही. त्याची आवश्यकताही नाही. मी स्वतः पाहणी केली आहे. इथं धूळ नाही."

पारूमावशीनं तुमच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग वाकली आणि पायाशी घुटमळणाऱ्या करडाला बगलेत धरलं. मुसक्याची गाठ सोडली.

"द्वारके," ती म्हणाली, "हे वाटीगत हाय बघ."

पांढरी वाटी. दोन्ही बाजूंना ताणणारे पट्टे, नाकावर बसायला पत्र्याची बारीक पट्टी. आतून स्वच्छ, बाहेरून करडानं मातीत घासलेली. रविवारी माझ्या पायापाशी होती ती, आणि मी बघितली नव्हती.

"कुठं गावलं?"

"शुक्रवारी साहेबाची जीप गेली, तिथं फाटकापाशी पडलं हुतं. टाकून दिल्यालं दिसलं. म्हणलं, करडाला मुसकं बरं होईल." तिनं ती वाटी स्वतःच्या तोंडाशी धरली आणि उन्हाकडं पाठ करून उभी राहिली, तुम्ही राहिला होता तशी. "दारात उभं हुतं तवा साहेबाच्या तोंडावर हेच हुतं. आमी म्हणलं, फडकं हाय."

मी वाटी तिच्या हातातून घेतली आणि मधोमध फाडली. आत सूत नव्हतं, वीण नव्हती. तंतूवर तंतू, तंतूवर तंतू, कसेही पडलेले, दाबून बसवलेले. गंज. बागवानभाईंनी सांगितली होती तशीच.

खात्यातून मी दोनशेचं पीठ मुठीत आणलं. माझं फडकं चारपदरी करून त्यावर चिमूट ठेवली आणि घोंगडीसमोर धरून फुंकलं. काळ्या घोंगडीवर पांढरा ठसा उमटला. मग तेवढीच चिमूट वाटीच्या अर्ध्या तुकड्यात ठेवली आणि फुंकलं. पुन्हा फुंकलं. घोंगडी काळीच राहिली.

शेवंता इतका वेळ बाजेला टेकून उभी होती. ती पुढं आली, तुमच्या टेबलापाशी गेली आणि धाप लागू नये म्हणून एकेक शब्द तोडून बोलली. "साहेब, धूळ न्हवती... तर तुमी... हे का घातलं हुतं?"

तुम्ही म्हणालात, "मला पुढं दुसरी पाहणी आहे."

जीप सुरू झाली. बाबर कागद हातात धरून उभा होता. एकेचाळीस बायकांपैकी एकीनंही अंगठा दिला नाही. पॅड टेबलावर उघडंच राहिलं आणि दुपारपर्यंत उन्हात वाळून गेलं. जाताना पारूमावशीनं तिची बाज उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "ढेकूण तसंच हायती की गं."

अंगठे नव्हते, तरी चार दिवसांनी तुम्ही तो कागद लिहिलात. आम्ही मात्र तुमच्या कागदासाठी थांबलो नाही. सव्वीस दिवस आम्ही कामावर गेलो नाही, बाजा फाटकासमोर तशाच उभ्या ठेवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पारूमावशी मोहरी फेकून दाखवायची. शाळेची पोरं आली, त्यांचे मास्तर आले, मग तुमच्याहून वरचे एकजण आले, हवा मोजायचं यंत्र घेऊन. ते चाळणखात्याच्या आत आले, आणि पट्टे चालू असताना आले. त्यानंतर दगडावर पाणी सुरू झालं. चाळणीवर झाकण बसलं. पंखा बसला. पावसाळा संपायच्या आत प्रत्येकीच्या खुंटीला एकेक पांढरी वाटी लटकायला लागली. बागवानभाई एकदा मुद्दाम बघायला आले आणि नुसतेच त्या खुंट्यांच्या ओळीपुढं उभे राहिले.

पारूमावशी तीन वर्षांनी गेली. तिला उशीर झाला होता आणि ते तिला त्या सोमवारीच कळलं होतं. पाणी सुरू झालं त्या दिवशी ओल्या दगडावर हात ठेवून मला म्हणाली होती, "थंड लागतंय गं. असं आधीच असतं तर." तेवढंच म्हणाली.

शेवंता आहे. तिची निम्मी छाती निबर झाली ती झालीच, चढण चढवत नाही. पण चाळणखातं सुटलं, गोळ्या सुटल्या आणि विहिरीवरून ती आता एकदाच बसत घरी येते. मी हे लिहिते आहे तर ती अंगणात बसून लोणच्याची मोहरी निवडतेय, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतेय की लिहून झालं असेल तर उठा, कैऱ्या कोण चिरणार. गेल्या सतरा वर्षांत गिरणीला लागलेल्या एकाही पोरीच्या छातीच्या फोटोत डाग आला नाही. दरवर्षी फोटो निघतात. दरवर्षी मी ते उजेडाला धरून बघते. मला आता वाचता येतात.

वाटीचा अर्धा तुकडा माझ्या मोहरीच्या डब्यात आहे. दुसरा अर्धा या कागदांबरोबर तुमच्या पत्त्यावर पाठवतेय, सोबत माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे.

साहेब, धूळ नव्हती असं तुमच्याच अक्षरात लिहिलंय. मग त्या शुक्रवारी हे तुमच्या तोंडावर का होतं? शेवंतानं विचारलेलं अजून तसंच पडून आहे. उत्तर द्या.